खुबा मोडल्यावर ‘हाड जुळायची गोळी’ मागताना

“वहिनी, हाड लवकर जुळायची गोळी द्या ना. महाग असली तरी चालेल.”

बडोद्यात, रावपुऱ्यातल्या आमच्या औषधांच्या दुकानात ही मागणी महिन्यातून दोन-चारदा तरी येते. परवा आलेले काका दांडिया बाजारातले. त्यांची ८२ वर्षांची आई न्हाणीघरात घसरली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं, आठवड्याने घरी आली. काकांच्या हातात तीन कागद होते. एक दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड. दुसऱ्यावर अमेरिकेतल्या भाचीने फोनवर सांगितलेलं एका इंजेक्शनचं नाव. तिसरा शेजारच्या बेननी दिलेला, त्यावर कांडवेलीच्या गोळ्या. यातलं काय घेतलं की हाड लवकर जुळेल, एवढंच त्यांना हवं होतं.

मोडलेलं हाड जुळायला यातल्या कशाचाही फारसा उपयोग नाही, तरीही या कागदांबाहेरचं एक औषध फार महत्त्वाचं आहे, हे काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना नीट सांगता येत नाही. म्हणून लिहायला बसले.

आधी विचारा: मोडलं कुठे?

मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे एक गोळा, त्याला धरणारी आखूड मान आणि मानेखालचा रुंद भाग. गुजरातीत ‘थापानो गोळो’ म्हणतात, आणि इथे राहून आपण मराठी माणसंही सर्रास ‘थाप्याचा गोळा’ म्हणायला लागलो आहोत. म्हातारपणी हाड मोडतं ते बहुतेक मानेत, नाहीतर तिच्या खालच्या भागात. ऐकताना दोन्ही एकच वाटतं, पण हाड जुळण्याच्या दृष्टीने दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गोळ्याला रक्त मिळतं ते मुख्यतः मानेवरून चढत जाणाऱ्या बारीक वाहिन्यांतून. जुन्या पोळेतल्या, म्हणजे अरुंद गल्लीतल्या, शेवटच्या घराचं पाणी आठवा: मध्येच कुठे पाइप फुटला की त्या घराचा नळ कोरडा. मान मोडली की गोळ्याचं तसंच होतं. शिवाय मानेचा हा भाग सांध्याच्या पिशवीत, वंगणासारख्या द्रवात असतो, त्यामुळे जुळणीला लागणारी रक्ताची गाठ तिथे नीट धरत नाही. म्हणून वयस्कर माणसाची मान सरकून मोडली असेल, तर डॉक्टर ती जुळवण्याच्या फंदात सहसा पडतच नाहीत. मोडका गोळा काढून धातूचा बसवतात.

आता हे लक्षात घ्या. गोळा बदलला, म्हणजे जुळायचं हाडच उरलं नाही! त्या घरात ‘हाड जुळायची गोळी’ आणली तर तिला करायला कामच नाही. परवाच्या काकांच्या आईचं हेच झालं होतं. कार्डावर ‘बायपोलर’ (बसवलेल्या धातूच्या गोळ्याचा प्रकार) असं स्वच्छ लिहिलेलं होतं, पण त्याचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता.

मानेखालचा भाग मोडला, तर गोष्ट वेगळी. ते हाड आतून जाळीदार, रक्ताने भरलेलं. तिथे सळी किंवा स्क्रू टाकून हाड जागेवर धरून ठेवलं की बहुतेकांचं तीन-चार महिन्यांत जुळतं, नव्वदीतही. तिथे बिघडतं ते बहुधा पकडीमुळे: हाड इतकं ठिसूळ की स्क्रू त्यातून सरकतो, जसा पोपडे धरलेल्या भिंतीत खिळा राहत नाही.

हाड आपलं आपण कसं जुळतं

मोडल्या जागी पहिल्यांदा रक्त साकळतं. दोन-तीन आठवड्यांत त्याजागी कुर्चेसारखी मऊ गाठ तयार होते, मग तिच्यात कॅल्शियम भरून ती टणक होते. शेवटी त्या ओबडधोबड गाठीला तासून-घासून मूळ हाडाचा आकार येतो. हे शेवटचं काम महिनोन्‌महिने, कधी वर्षभराहून जास्त चालतं.

हाड मोडलेलं नसतानाही त्याची डागडुजी रोज चालूच असते. शरीरात त्यासाठी दोन टोळ्या आहेत. एक जुनं हाड फोडून नेते, तिच्या पेशींना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. दुसरी नवं हाड बांधते, त्या ऑस्टिओब्लास्ट. आमच्या जुन्या वाड्याची दुरुस्ती निघाली तेव्हा हेच बघत होते: एकीकडे सुटलेला चुना खरवडणारे, मागून गिलावा चढवणारे गवंडी. तरुणपणी दोघांचा वेग सारखा असतो. वय वाढलं, विशेषतः बाईची पाळी गेली, की फोडणारे पुढे धावतात आणि बांधणारे मागे पडतात. हाड आतून पोकळ होत जातं. त्याचं नाव ऑस्टिओपोरोसिस. पुढे मी त्याला ठिसूळपणाच म्हणते.

औषधांचीही दोनच घराणी. फोडणाऱ्यांना आवरणारी आणि बांधणाऱ्यांना जोर देणारी. पहिल्यात झोलेड्रॉनिक ॲसिड, अलेंड्रोनेट, डेनोसुमॅब. दुसऱ्यात टेरिपॅराटाइड. रोमोसोझुमॅब हे नवं औषध दोन्ही कामं थोडी थोडी करतं.

बांधणाऱ्यांना जोर दिला तर हाड लवकर नाही का जुळणार?

कुणालाही हेच वाटेल, आणि संशोधकांनाही वाटलं होतं. उंदरांत टेरिपॅराटाइडने मोडलेली हाडं लवकर आणि भक्कम जुळली. म्हणून माणसांवर चाचण्या झाल्या.

मान मोडून स्क्रू टाकलेल्या रुग्णांवर दोन चाचण्या ठरल्या, पण त्यांत यायला माणसंच मिळेनात. दोन्हींत मिळून १५९ जण झाले आणि त्या आधीच थांबवाव्या लागल्या. २०१६ साली निकाल छापून आला: खरं औषध घेणारे आणि खोटं इंजेक्शन घेणारे, दोघांनाही पुन्हा ऑपरेशनची गरज जवळपास सारखीच पडली. मानेखाली मोडलेल्यांमध्ये टेरिपॅराटाइडची तुलना फोडणाऱ्या टोळीला आवरणाऱ्या एका गोळीशी केली. टेरिपॅराटाइडवाल्यांचं दुखणं थोडं कमी, खुर्चीतून उठून चालायला लागणारा वेळही थोडा कमी. पण एक्स-रेमध्ये जुळणी सारखीच. रोमोसोझुमॅबची खुब्याच्या ३३२ रुग्णांवर चाचणी झाली, २०२० साली निकाल आला. तिथेही उठण्या-चालण्यात किंवा जुळणीत फरक नाही.

कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. खुब्याच्या जुळणीत मोठा वाटा सर्जनच्या हाताचा असतो: तुकडे किती नीट बसवले, स्क्रू कुठे टेकला. ती बैठक चुकली असेल तर कुठलंही इंजेक्शन ती सुधारू शकत नाही, आणि बैठक चांगली असेल तर मानेखालचं हाड औषधाशिवायही जुळतं. औषधाला आपला गुण दाखवायला मधे फारशी जागाच उरत नाही.

मग ते महत्त्वाचं औषध कुठलं, आणि कशासाठी?

मोडलेल्या हाडासाठी नाही, अजून न मोडलेल्या हाडांसाठी.

उभ्या उंचीवरून साधं पडून खुबा मोडला, तर सगळ्या अंगाची हाडं ठिसूळ आहेत हे तिथेच ठरलं. त्यासाठी हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीची वाट बघायची गरज नाही. सळी टाकली ती एका हाडात. दुसरा खुबा, मणके, मनगट, खांदा तसेच ठिसूळ राहिले, आणि माणूस आता आधीपेक्षा जास्त डळमळत चालणार.

याचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर २००७ साली आलं. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या २,१२७ जणांपैकी निम्म्यांना तीन महिन्यांच्या आत झोलेड्रॉनिक ॲसिडचं ५ मिलिग्रॅमचं इंजेक्शन शिरेतून दिलं, आणि पुढे वर्षातून एकदा. निम्म्यांना नुसतं सलाईन. कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व सगळ्यांनाच. साधारण दोन वर्षं पाठपुरावा केला. नुसत्या सलाईनवाल्यांत शंभरातल्या जवळपास १४ जणांचं पुन्हा कुठलं तरी हाड मोडलं, औषधवाल्यांत जवळपास ९ जणांचं. दगावणाऱ्यांचं प्रमाण १३.३ टक्क्यांवरून ९.६ टक्क्यांवर आलं. वर्षाला एक इंजेक्शन, आणि एवढा फरक.

हे मी इतक्या पोटतिडकीने लिहिते आहे त्याचं कारण माझी आत्या. सहा वर्षांपूर्वी तिचा उजवा खुबा मोडला. इथल्याच एका दवाखान्यात ऑपरेशन उत्तम झालं. डिस्चार्ज कार्डावर दुखण्याची गोळी, रक्त पातळ करायची इंजेक्शनं, ॲसिडिटीची गोळी, कॅल्शियम, टाके काढायची तारीख. ठिसूळपणाच्या औषधाचं नाव नाही. त्या चिठ्ठीतली औषधं दर महिन्याला माझ्याच काउंटरवरून गेली. मी पिशवीत भरून दिली, पट्ट्यांवर सकाळ-संध्याकाळ लिहून दिलं, आणि काय राहून गेलंय ते माझ्याही लक्षात आलं नाही. चौदा महिन्यांनी देवघरासमोर पाट सरकवताना तोल गेला आणि डावा खुबा मोडला.

कुणा एकाची ही चूक नव्हती. सर्जन म्हणतात हे फिजिशियनने बघायचं, फिजिशियनना वाटतं हाडाचं औषध हाडाच्या डॉक्टरांनी दिलं असेल, आणि घरचे टाके सुकले म्हणून निर्धास्त. दोघांच्या मधल्या जागेत औषध पडून राहतं. माझ्या काउंटरवर येणाऱ्या खुब्याच्या चिठ्ठ्या आता मी याच नजरेने बघते, आणि अजूनही बऱ्याच कोऱ्याच असतात.

“फोडणाऱ्या टोळीला थांबवलं तर हाड जुळणारच नाही, असं ऐकलंय”

शंका रास्त आहे. पण मघाचा क्रम आठवा. रक्ताची गाठ, मऊ गाठ, कॅल्शियम भरणं, या तिन्ही पायऱ्यांत फोडणाऱ्यांवर फार काही अवलंबून नसतं. त्यांची खरी गरज शेवटच्या तासकामात. औषध सुरू असेल तर गाठ जरा मोठी राहते, आकाराला यायला वेळ लागतो, पण ताकद येते. २००७ च्या त्या चाचणीतही औषधामुळे जुळणी रखडल्याचं दिसलं नाही.

तरीही पुष्कळ डॉक्टर ऑपरेशननंतर दोन आठवडे थांबतात. त्या चाचणीच्या आकड्यांत दोन आठवड्यांनंतर इंजेक्शन घेणाऱ्यांना फायदा चांगला दिसला. आणि तेवढ्या वेळात डी जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढता येते. ती न भरता इंजेक्शन दिलं तर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरून हातापायांना मुंग्या, पेटके येऊ शकतात.

जबडा, मांडी, ताप

“या औषधाने जबड्याचं हाड सडतं” हा मेसेज मला दर दोन महिन्यांनी कुणी ना कुणी दाखवतं. ते घडतं, पण मुख्यतः कॅन्सरच्या रुग्णांत, ज्यांना हेच औषध दर तीन-चार आठवड्यांनी द्यावं लागतं. (कॅन्सरची बाटली ४ मिलिग्रॅमची, ठिसूळपणाची ५ ची. नाव एकच, म्हणून मी दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवते.) वर्षातून एकदा घेणाऱ्यांत हे दहा हजारांत एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी. दात काढायचा असेल तर इंजेक्शनच्या आधी काढून जखम भरू द्यावी, एवढी काळजी पुरते.

मांडीची गोष्ट जरा अधिक गंभीरपणे घ्यायला हवी. झोलेड्रॉनिक, अलेंड्रोनेट यांसारखी औषधं वर्षानुवर्षं न थांबता घेतली तर क्वचित मांडीचं हाड मधोमध आडवं मोडतं. अमेरिकेतल्या जवळपास दोन लाख स्त्रियांचा हिशेब २०२० साली आला. दहा हजार जणींनी तीन वर्षं औषध घेतलं तर गोऱ्या स्त्रियांत १४९ खुबे वाचले आणि असे २ फ्रॅक्चर झाले. आशियाई वंशाच्या स्त्रियांत ९१ वाचले, ८ झाले. म्हणजे आपल्यासारख्यांत हा धोका जास्त आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ९१ आणि ८ हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. म्हणूनच तीन-पाच वर्षांनी डॉक्टर फेरविचार करतात आणि पुष्कळदा मध्ये सुट्टी देतात. औषध हाडात चिकटून राहत असल्याने त्या सुट्टीतही काम चालू राहतं. औषध चालू असताना मांडीत किंवा जांघेत नवीन दुखू लागलं, तर ‘वयाचं असेल’ म्हणून सोडू नका, एक्स-रे काढून घ्या.

पहिल्या इंजेक्शननंतर ताप आणि अंगदुखी मात्र बऱ्याच जणांना होते. दोन-तीन दिवसांत जाते, पॅरासिटामॉल पुरते. मूत्रपिंडं फार अशक्त असतील तर हे औषध चालत नाही, म्हणून क्रिएटिनिनचा रिपोर्ट आधी. आणि इथे ज्याला सगळे ‘बाटला चढवणं’ म्हणतात, तो हा बाटला पंधरा मिनिटांच्या आत संपवायचा नाही.

गोळीने भागणार नाही का?

भागतं, पण नियम कडक. अलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उठल्यावर अनशापोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, आणि मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही. आपल्या घरी सकाळ चहाने सुरू होते. चहाबरोबर घेतलेल्या गोळीचा काही अंश अंगी लागला तर लागला. आणि जी बाई अजून उशीला टेकूनच बसते आहे, तिला ही गोळी देऊन अन्ननलिका जाळून घेण्यात काय हशील?

मूत्रपिंडं अधू असलेल्यांना डेनोसुमॅब देतात, दर सहा महिन्यांनी कातडीखाली. त्याची एक गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगते: हे मध्येच सोडायचं नाही. तारीख बरीच चुकली तर दबलेली फोडणारी टोळी दुप्पट जोराने कामाला लागते आणि एकामागून एक मणके दबल्याची उदाहरणं आहेत. आपल्या बडोद्यात आई-वडील मुलाकडे न्यू जर्सीला सात-आठ महिने जातात. तिकिटाच्या आधी इंजेक्शनची तारीख बघा.

भाचीने सांगितलेलं इंजेक्शन

ते टेरिपॅराटाइड होतं. औषध वाईट नाही. मणके पुन्हा पुन्हा मोडतात, हाडं अतिशय ठिसूळ आहेत, अशांसाठी ते उत्तमच. रोज एक इंजेक्शन, जास्तीत जास्त दोन वर्षं. पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, आणि टोचणं सुरू केल्यापासून २८ दिवसांनी उरलंसुरलं टाकून द्यायचं. उंदरांत हाडाचा कॅन्सर दिसल्याने पूर्वी त्यावर कडक इशारा छापलेला असे. माणसांत तसं आढळलं नाही म्हणून अमेरिकेत तो २०२० साली काढला. पण खर्च दर महिन्याचा, आणि कोर्स संपल्यावर फोडणाऱ्यांना आवरणारं औषध घेतलं नाही तर कमावलेलं हाड हळूहळू जातं. फक्त ‘खुबा लवकर जुळावा’ म्हणून कुणी त्यासाठी एफडी मोडत असेल, तर मी डॉक्टरांशी पुन्हा एकदा बोलून या म्हणते. माझी विक्री जाते, जाऊ दे.

कॅल्शियम, पुड्या, कांडवेल आणि डिंकाचे लाडू

कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व म्हणजे विटा-सिमेंट. ते नसेल तर गवंडी काय करणार? पण नुसता माल आणून टाकला म्हणून भिंत उभी राहत नाही. ठिसूळपणाच्या औषधाऐवजी कॅल्शियम, हा हिशेब चुकीचा.

डी जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुडीबद्दल विशेष काळजी घ्या. ती बहुधा आठवड्याची असते. एका आजींनी ती अकरा दिवस रोज दुधातून घेतली, कारण बाकी सगळी औषधं रोजची होती. तेव्हापासून मी प्रत्येक पुडीवर मार्करने ‘रविवार’ लिहून देते. जास्त म्हणजे चांगलं, असं इथे नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवर चाचणी झाली, निम्म्यांना वर्षाचा पाच लाख युनिटचा डोस एकदम दिला. त्यांचं पडणंही वाढलं आणि हाडं मोडणंही. निकाल २०१० चा.

कांडवेलीला हाडसांधी म्हणतात ते उगीच नाही, प्राण्यांवरच्या प्रयोगांत थोडा गुण दिसलाय. पण म्हाताऱ्यांच्या खुब्यात फरक पडतो असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. डॉक्टरांना सांगून घ्या, इंजेक्शन सोडून घेऊ नका. डिंकाचे लाडू खुशाल द्या; साजूक तुपामुळे जिभेला चव येते, पोटात दोन घास जास्त जातात. ऑपरेशननंतर म्हातारी माणसं जेवतच नाहीत, हा फार मोठा आणि दुर्लक्षित प्रश्न आहे. दूध, दही, मुगाचं घट्ट वरण, चालत असेल तर अंडं, नाचणीचं सत्त्व, तिळाची चटणी. आणि मिश्री, छींकणी, बजर बंद. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, आणि जुळणाऱ्या हाडाला रक्तच हवं असतं.

“ऐंशी उलटली, आता कशाला?”

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. बहुधा मुलगा म्हणतो, प्रेमानेच म्हणतो, आईला आणखी टोचायला नको म्हणून. पण या औषधाचा फायदा दिसायला दहा वर्षं लागत नाहीत. त्या चाचणीत सरासरी वय ७४ च्या पुढे होतं आणि फरक दोन वर्षांत दिसला. ऐंशीव्या वर्षी दुसरा खुबा मोडला, की माणूस न्हाणीघरापर्यंतही स्वतःच्या पायाने जाऊ शकेल की नाही, हा प्रश्न असतो.

परवाच्या काकांना मी डिस्चार्ज कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने लिहून दिलं: ‘ठिसूळपणाचं औषध कुठलं? कधीपासून? डी आणि क्रिएटिनिन कधी तपासायचं? कोण देणार, तुम्ही की फिजिशियन?’ टाके काढायला जाल तेव्हा हे डॉक्टरांसमोर ठेवा, म्हटलं. काका कागद घडी करून खिशात ठेवत म्हणाले, “आणि गोळी?” मी त्यांना न्हाणीघरात भिंतीला लावायची स्टीलची दांडी कुठे मिळते त्या दुकानाचा पत्ता दिला.

आत्याचं यंदाचं इंजेक्शन श्रावणात आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिने त्या तारखेभोवती लाल पेनाने गोल केलाय, आणि दोन दिवस आधीच्या चौकटीत, जिथे एरवी तिचे उपास लिहिलेले असतात, तिथे लिहिलंय: ‘रक्त द्यायचं. पाणी भरपूर.’